हेच गाव का? तळेगाव (श्यामजी पंत) समोर ठेवून गाव-अभ्यासाची तयारी

पीएचडीच्या पहिल्या सादरीकरणात मला पद्धतीबद्दल, सॅम्पलबद्दल कुणी काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "हेच गाव का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, तिथे ओळख आहे. राहायची सोय होते." समितीतले एक सर म्हणाले, "हे कारण तुमच्या सोयीचं झालं. संशोधनाचं कारण सांगा." मला सांगता आलं नाही. स्लाइड पुढे सरकली, पण मी तिथेच अडकलो.

आज या एका प्रश्नावरच लिहितो. गाव निवडताना नेमका काय विचार करायचा, भूगोल, इतिहास आणि अर्थव्यवस्था ही तीन प्रकरणं "गावाची ओळख" म्हणून सुरुवातीला चिकटवायची की त्यातूनच प्रश्न काढायचा, हे एका खऱ्या गावावर करून बघू. गाव आहे तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा.

गाव कुठे आहे, हे वाक्य वाटतं तेवढं सोपं नाही

बहुतेक सिनॉप्सिसमध्ये अक्षांश-रेखांश आणि "जिल्ह्याच्या ठिकाणापासून इतके किलोमीटर" एवढंच असतं. त्याने काही कळत नाही. गाव कोणत्या वाटांवर आहे आणि लोक कुठल्या कामाला कुठे जातात, हे सांगितलं की भूगोल सुरू होतो.

तळेगाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. हा जुना राष्ट्रीय महामार्ग ६, हजिरा ते कोलकाता. नव्या क्रमांकानुसार ५३. नागपूरकडून निघालं की कारंजा (घाडगे) लागतं, पुढे सत्याग्रही घाट, मग तळेगाव, आणि वर्धा नदी ओलांडली की तिवसा, म्हणजे अमरावती जिल्हा. तळेगावातूनच एक रस्ता उत्तरेला आष्टीकडे आणि एक दक्षिणेला आर्वीकडे जातो. म्हणजे हे चौफुलीचं गाव. एसटीचं आगार इथे आहे, पोलीस ठाणं आहे.

आता गंमत बघा. तालुक्याचं ठिकाण आष्टी एका दिशेला, जुनी बाजारपेठ आर्वी बरोबर उलट्या दिशेला, जिल्ह्याचं ठिकाण वर्धा आर्वीच्याही पुढे, आणि अमरावती शहर मात्र दुसऱ्या जिल्ह्यात असूनही सरळ महामार्गावर. दाखला, कापूस, दवाखाना आणि कॉलेज यांसाठी एकाच घरातली माणसं चार दिशांना जाऊ शकतात. तुम्ही "वर्धा जिल्ह्यातलं गाव" म्हणून फक्त वर्ध्याचा डेटा गोळा केला, तर गावाचं अर्धं आयुष्य नकाशाबाहेर राहील. प्रश्नावलीत "तुम्ही कुठे जाता?" असा एक प्रश्न पुरत नाही. कशासाठी, कुठे, कशाने, असं वेगवेगळं विचारावं लागतं.

पायाखालचा दगड

मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे इथे जरा जास्त रेंगाळतो. वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, तो हा खडक. झिजला की त्याची काळी माती होते. पण ती सगळीकडे सारखी जाड नसते. उतारावर आणि टेकाडावर पातळ, दगडगोटे असलेली बरड जमीन. खाली नदीनाल्यांकडे भारी काळी. घाट उतरून नदीच्या खोऱ्याकडे येताना हा फरक तुम्हाला पायीसुद्धा दिसेल.

याचा अर्थ काय? "अमुक कास्तकाराकडे पाच एकर आहे" हे वाक्य अपुरं आहे. पाच एकर बरड आणि पाच एकर भारी, यांत पीक वेगळं, पाणी वेगळं, कर्ज वेगळं. पाण्याचंही तसंच. बेसॉल्ट मुळात घट्ट, त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये, झिजलेल्या थरात आणि सच्छिद्र पट्ट्यांत. म्हणून एका धुऱ्याच्या अलीकडची विहीर मार्चपर्यंत चालते आणि पलीकडची डिसेंबरातच तळ गाठते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ती आकडेवारी जरूर घ्या. पण एका निरीक्षण विहिरीवरून अख्ख्या गावाचं पाणी ठरवू नका.

नदीकडेही बघा. या पट्ट्यात वर्धा नदीवर दोन मोठी धरणं आहेत: वरच्या अंगाला मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा, आणि खालच्या अंगाला आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा. तळेगाव या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. दोन धरणांच्या मधलं गाव ओलिताखाली असेलच, असं गृहीत धरणं ही पहिली चूक. धरण जवळ असणं वेगळं आणि आपल्या वावरात पाणी येणं वेगळं.

नदी ही सीमा होती: इतिहासातून प्रश्न कसा निघतो

आता इतिहास. इथे बहुतेक जण गॅझेटिअरमधली दोन पानं उतरवतात. त्याऐवजी असं विचारा: या इतिहासातली कोणती गोष्ट आजही मोजता येईल?

तळेगावच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे नदी. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. पूर्वेकडचा भाग भोसल्यांकडेच राहिला. १८५३-५४ मध्ये दोन्हीकडे इंग्रजी अंमल आला, पण वेगवेगळ्या वाटांनी. वऱ्हाड निजामाकडून तहाने चालवायला घेतलं, नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा केला. १९०३ पर्यंत वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांचा कारभार वेगळा चालला.

म्हणजे शंभर वर्षं ही नदी राज्यांची आणि कारभाराची सीमा होती. आणि दोन काठांवर जमिनीची व्यवस्थाही वेगळी झाली. पूर्वेकडे मालगुजारी: गावाचा सारा भरायची जबाबदारी मालगुजारावर, आणि त्या बदल्यात त्याला मालकी हक्क. पश्चिमेकडे वऱ्हाडात रयतवारी: प्रत्येक खातेदार थेट सरकारला सारा भरणार. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, १९५१ पासून अंमल झाला. पुढे १९५६ आणि १९६० च्या राज्यरचनेनंतर दोन्ही काठ एकाच महाराष्ट्रात आले.

संशोधकाला हे फार मोलाचं आहे. खडक तोच, पाऊस साधारण तोच, भाषा तीच, आजचं राज्य तेच. फरक आहे तो जुन्या जमीनव्यवस्थेचा. अशा परिस्थितीला "नैसर्गिक प्रयोग" म्हणतात. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इथे ते काम इतिहासाने केलेलं असतं. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा २००५ सालचा गाजलेला लेख याच प्रकारचा. इंग्रजी काळात जिथे जमीनदारी पद्धत होती, त्या जिल्ह्यांत स्वातंत्र्यानंतरही शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादकता कमी राहिली, असं त्यांनी जिल्ह्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं. तोच प्रश्न गावाच्या पातळीवर विचारता येतो: नदीच्या अलीकडचं तळेगाव आणि पलीकडचं तिवसा तालुक्यातलं एखादं गाव, यांत आज जमीनवाटपात, विहिरींत, शाळेत फरक दिसतो का?

लगेच खूश होऊ नका. परीक्षक विचारणारच: दोन गावांमध्ये फरक सापडला, तर तो मालगुजारीमुळेच कशावरून? रस्ता, बाजार, माती, धरण यांमुळे कशावरून नाही? म्हणून दोन गावांच्या तुलनेवर प्रबंध उभा राहत नाही. दोन्ही काठांवर तीन-तीन, चार-चार गावं, शक्यतो सारख्या मातीची आणि महामार्गापासून सारख्या अंतरावरची, अशी जोडी लावावी लागते.

हा धडा जुना आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला. पण ते गाव शहराच्या जवळ, ते सगळ्या दख्खनचं प्रतिनिधी कसं? मग त्यांनी कानिटकरांबरोबर शहरापासून दूरचं, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक घेतलं आणि १९२१ मध्ये तो अभ्यास छापला. "हेच गाव का?" या प्रश्नाला त्यांनी दुसऱ्या गावाने उत्तर दिलं.

नावं म्हणजे पुरावा नाही, पत्ता आहे

तळेगाव म्हणजे तळ्याचं गाव. श्यामजी पंत म्हणजे कुणी कारभारी किंवा मालगुजार असणार. घाटाचं नाव सत्याग्रही, म्हणजे इथे सत्याग्रह झाला असणार. ही तिन्ही वाक्यं चांगली आहेत, फक्त प्रबंधात जशीच्या तशी लिहू नका. महाराष्ट्रात तळेगाव अनेक आहेत: दाभाडे, ढमढेरे, दशासर. ओळख पटावी म्हणून नावाला दुसरं नाव जोडतात. जोडनाव कुठे शोधायचं ते सांगतं, काय घडलं ते सांगत नाही. श्यामजी पंतांसाठी भोसलेकालीन मोडी कागद आणि १८६० च्या दशकापासूनचे मालगुजारी बंदोबस्ताचे कागद बघावे लागतील. घाटासाठी १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या नोंदी, कारण त्या वर्षी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले होते.

या परिसराच्या इतिहासात साहित्य भरपूर आहे. आष्टीला जहांगीरच्या काळातल्या मुहम्मद खान नियाझीचा मकबरा आहे. त्याच आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ ला लोकांचा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. म्हणून आज ती आष्टी (शहीद). महामार्गावर पुढे मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम, ज्यांनी गावावरच ग्रामगीता लिहिली. जिल्ह्यात सेवाग्राम, आणि वर्ध्यात मगनवाडी, जिथे कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचं काम उभं केलं. इतका इतिहास बघून मोह होतो की सगळं लिहावं. तुमच्या प्रश्नाला जे लागतं तेवढंच घ्या. बाकीचं डायरीत राहू द्या.

कागद: विदर्भाचे वेगळे

पद्धतीची पुस्तकं बहुधा पश्चिम महाराष्ट्र डोळ्यापुढे ठेवून लिहिलेली असतात. सातबारा आणि ८-अ सगळीकडे आहेत, पण नागपूर विभागात आणखी दोन कागद बघा: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाच्या सामाईक जमिनीवर चराई, जळाऊ लाकूड, माती, मुरूम यांचे हक्क कुणाला आणि कसे, हे निस्तार पत्रकात असतं. पाणी, वाट, मासेमारी अशा रूढीने चालत आलेल्या हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये. भूमिहीन घराचं जगणं सातबाऱ्यावर कधीच दिसत नाही. ते या कागदांच्या आसपास सापडतं.

आणि पुन्हा नदी आडवी येते. पूर्व काठाच्या महसुली भाषेत "झुडपी जंगल" आहे, पश्चिम काठाच्या भाषेत "ई-क्लास". झुडपी जंगलाला वन म्हणायचं की नाही, हा वाद अनेक वर्षं चालला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनच मानावं असा निर्णय दिला. दीडशे वर्षांपूर्वीचा कारभारातला फरक आजही गावाच्या पडीक जमिनीवर घर बांधता येईल की नाही, हे ठरवायला हजर आहे.

जुने आकडे वापरताना एक सापळा लक्षात ठेवा. १९०६ च्या गॅझेटिअरच्या वेळी वर्धा जिल्ह्यात तीनच तहसिली होत्या: आर्वी, वर्धा, हिंगणघाट. आज आठ तालुके आहेत, आणि आष्टी, कारंजा हे तेव्हाच्या आर्वीत मोडत होते. तेव्हाच्या "आर्वी"ची तुलना आजच्या आर्वीशी केली, तर लोकसंख्या घटल्याचा शोध लागेल. तो शोध सीमारेषेचा असेल, माणसांचा नाही.

अर्थव्यवस्था: एकर, क्विंटल आणि चहाची टपरी

इथलं मुख्य पीक कापूस, जोडीला तूर, आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन. ओलीत असेल तिथे संत्रा. कापसाचा इतिहास जगाशी बांधलेला आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला, इकडे भाव चढले, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही अरुंद लोहमार्गाची गाडी सुरू झाली. नंतर १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी, २००२ चं बीटी बियाणं, आणि २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी आलेलं ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज. त्या सहांत वर्धा होता.

पण आकडे गोळा करताना खरी अडचण असते मापांची. समजा, कास्तकार म्हणाला, "एकरी सहा क्विंटल झाला." सरकारी अहवालात उत्पादकता असते हेक्टरी किलोत, आणि तीही रुईची, म्हणजे सरकी काढल्यानंतरच्या कापसाची. हिशेब करा: ६०० किलो गुणिले २.४७, म्हणजे हेक्टरी साधारण १,४८२ किलो कापूस. त्यात रुई साधारण ३४ टक्के धरली, तर ५०४ किलो. १,४८२ ला ५०४ शी नाही, दुसऱ्या अहवालातल्या रुईच्या आकड्याशी सरळ ताडून बघितलं, तर तुमचं गाव तिप्पट पिकवताना दिसेल! अशी चूक तपासणाऱ्याच्या नजरेत पहिल्या पाच मिनिटांत येते.

दुसरी अडचण व्यवसायाची. जनगणना काम करणाऱ्यांचे चार गट करते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. आता महामार्गावर टपरी असलेला माणूस घ्या. तीन एकर वावर आहे, ते मक्त्याने दिलंय, सोंगणीच्या दिवसांत बायको मजुरीला जाते, मुलगा ट्रकवर आहे. हे घर कोणत्या गटात? खानेसुमारीत एका माणसाला एक रकाना मिळतो, पण घर चार रकान्यांत जगतं. शिवाय तोंडी मक्ता कागदावर येत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तरी पेरणारा आणि खातेदार वेगळे असले की नोंद कुणाच्या नावाची, हे विचारावंच लागतं.

हे किरकोळ वाटेल, पण यावर गाव "गाव" राहतं की "शहर" होतं, हे ठरतं. जनगणनेत शहर म्हणवायला तीन अटी: लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. चौफुलीच्या गावांत तिसऱ्या अटीकडे विशेष लक्ष ठेवा. त्यात बायकांचं काम मोजलंच जात नाही, हेही लिहून ठेवा.

झाड लावणं म्हणजे काय

शेवटी एक लांबचं उदाहरण. लॉरेन्स वायली हे अमेरिकन अभ्यासक १९५०-५१ मध्ये कुटुंबासह दक्षिण फ्रान्समधल्या रुसियों या छोट्या गावात राहिले आणि १९५७ मध्ये त्यांनी त्या गावावर पुस्तक लिहिलं. पुस्तकात गावाचं नाव बदललं होतं. त्यांना एक गोष्ट दिसली: शेतकरी फळझाडं लावायला तयार नव्हते. महायुद्ध नुकतंच संपलेलं, दुसरं कधी पेटेल याची खात्री नाही. वर्षानुवर्षं वाट बघायची ती कुणासाठी? दहा वर्षांनी वायली परत गेले, तेव्हा तिथे बागा लागलेल्या होत्या. माती तीच, हवा तीच. उद्यावरचा भरवसा बदलला होता.

संत्र्याचं झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. तेवढी वर्षं विहीर टिकेल, डिंक्या येणार नाही, भाव पडणार नाही, पोरगा शेतीत राहील, एवढ्या गोष्टींवर विश्वास असेल तर माणूस कलम लावतो. कापूस एका वर्षाचा जुगार. संत्रा ही उद्याबद्दलची साक्ष. मग "तळेगाव परिसरात कोण बाग लावतं, कोण तोडतं, आणि नदीपलीकडे याचं उत्तर वेगळं येतं का?" हा प्रश्न घ्या. त्यात भूगोल आहे (माती, विहीर), इतिहास आहे (जमीन कशी वाटली गेली), अर्थव्यवस्था आहे (भांडवल, बाजार, रस्ता). आणि हा प्रश्न त्या वावरातल्या माणसालाही आपलाच वाटेल.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या भागातल्या लोकांनी २००६ नंतर खूप प्रश्नावल्या भरून दिल्यात. कर्ज किती, घरात कुणी गेलं का, किती वेळा फवारलं. दोन तास आपल्याशी बोलणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. आपण तिला काय देतो? पैसे नाही, योजना नाही. फार तर एवढंच देऊ शकतो की प्रश्न नीट असेल, तिचं उत्तर आपण चुकीच्या रकान्यात टाकणार नाही, आणि काम झाल्यावर परत जाऊन मराठीत सांगू की काय सापडलं.

दुसऱ्या सादरीकरणात तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी मी गावाची ओळख सांगितली नाही. नकाशा लावला, नदीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "सर, या रेषेमुळे." पुढची पंधरा मिनिटं प्रश्नांचा भडिमार झाला, निम्म्यांची उत्तरं आली नाहीत. पण या वेळी स्लाइड पुढे सरकली तेव्हा मीही तिच्याबरोबर सरकलो.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये गावाचं नाव लिहिण्याआधी एक वाक्य पूर्ण करून बघा: "हे गाव बदलून शेजारचं घेतलं, तर माझा प्रश्न बदलेल, कारण..." पुढे काहीच सुचत नसेल, तर गाव अजून निवडायचं बाकी आहे.